हिरवी वायर

खट्.

पंखा थांबला. फ्रिजची गुरगुर थांबली. बाहेरच्या खोलीत टीव्हीवरचं प्रवचन मध्येच तुटलं आणि पाठोपाठ केतकीच्या आजोबांचा, अण्णांचा, आवाज आला, "गेली! परत गेली!"

"किती?" मी केतकीला विचारलं.

"एक्केचाळीस सेकंद, सर. मघाशी त्रेचाळीस होते."

"लिहून ठेव."

तिने वहीत लिहिलं. केतकी हळिंगळे, सातवीतली. आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं वायरमन ट्रेडला शिकवून निवृत्त झालो होतो आणि जयसिंगपुरातल्या त्या चार बिऱ्हाडांच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या माझ्या गॅलरीत, रोज पाच वाजता पोरं जमवत होतो. बॅटरी, बल्ब, घंटी. बाकीची पोरं बल्ब पेटला की पळायची. केतकी मात्र तो विझल्यावर थांबायची. का विझला, हे तिला हवं असायचं.

त्या शुक्रवारी तीच मला वर घेऊन गेली होती. तिच्या आईचा, विजयाताईंचा, मायक्रोवेव्ह ओव्हन लावला की सगळ्या घराची वीज जात होती.

"सर, उद्या मगदुमांच्या नातवाचा केक आहे हो," विजयाताई म्हणाल्या. ओढणीने कपाळ पुसत त्या ओट्याशी उभ्या होत्या. "वीस माणसांचा. आणि पाचच्या आत पोचवायचाय. दिवस मावळल्यावर त्यांच्यात कुणी खात नाही."

आमच्या गल्लीत बहुतेक घरं जैनांची. बेकरीच्या केकमध्ये अंडं असेल या शंकेने तो घरात येत नसे. विजयाताई बिनअंड्याचा केक करू लागल्यापासून चार गल्ल्यांतले वाढदिवस त्यांच्या ओट्यावर येऊन पडले होते. पण दिवेलागणीनंतर पोचलेला केक तसाच पडून राहणार.

"चौकशी करू या," मी म्हणालो. "केतकी, काय काय बघितलं आपण?"

"कपात पाणी ठेवून नुसत्या मायक्रोवेव्हवर तापवलं. दोन मिनिटं. काही झालं नाही."

"मग?"

"मग केकचं बटण दाबलं. त्याच्यावर आतली कॉइल तापते. तर खट्."

"म्हणजे दोष कुठे?"

"कॉइलमध्ये!"

"शाब्बास. आणि बोर्डातलं काय पडलं? छोटे एमसीबी पडले?"

ती स्टुलावर चढून बोर्डात बघून आली. "नाही. ते मोठं पांढरं. चाचणीचं बटण असलेलं."

"त्याला ईएलसीबी म्हणायचं. तो हिशेबनीस आहे. जेवढी वीज गेली तेवढीच परत आली पाहिजे, एवढंच तो बघतो. थोडी जरी दुसऱ्या वाटेने गेली, की सगळं बंद."

"दुसरी वाट कुठली?"

मी ओव्हनचा प्लग सॉकेटमधून काढून तिच्या हातात दिला. मूळचा प्लग जळाला होता. त्याच्या जागी स्क्रूवाला नवीन मागच्याच महिन्यात मी तिच्याकडून बसवून घेतला होता. "या तीन पिनांच्या मागे तीन वायरी. तूच बसवल्यास."

"लाल, काळी, हिरवी."

"हिरवी कुठे जाते?"

"ओव्हनच्या पत्र्याला. आणि इकडून जमिनीत. अर्थिंग." तिचे डोळे बारीक झाले. "म्हणजे कॉइलमधून वीज गळते, पत्र्यात येते, हिरव्या वायरीतून जमिनीत जाते. हिशेबात कमी पडते. म्हणून खट्!"

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. आयटीआयमधल्या विशीतल्या पोरांना हे समजायला आठवडा लागायचा.

"कॉइल बदलावी लागेल," मी विजयाताईंना म्हणालो. "आत मी हात घालणार नाही. प्लग काढल्यावरसुद्धा याच्या पोटात झटका साठलेला असतो. कंपनीचा माणूस कोल्हापूरहून येईल, पण सोमवारी. तोवर केकचं बटण दाबायचं नाही."

"आणि मगदुमांना काय सांगू? पोराला म्हणावं, सोमवारी जन्माला ये?"

"कुकरमध्ये वाळू घालून करा की."

"वीस माणसांचा केक कुकरात! सर, तुम्ही वायरीच बघा."

आम्ही हसलो. मी निघालो, तशी केतकी जिन्यापर्यंत मागे आली. दोन पायऱ्या उतरलो असेन, तेवढ्यात तिने हाक मारली.

"सर, हिरवी वायर काढूनच टाकली तर?"

मी थांबलो. असा प्रश्न स्वतःहून विचारणारा विद्यार्थी दहा वर्षांत एखादाच मिळतो.

"तर ईएलसीबी पडणार नाही," मी म्हणालो.

"पडणारच नाही?"

"नाही. पण मग ती गळणारी वीज जाईल कुठे? विचार कर. उद्या सांग मला."

ही माझी पद्धत होती. प्रश्न रात्रभर पोरांकडे ठेवायचा. आयटीआयमधले सहकारी थट्टा करायचे, म्हेत्रे सरांचा विद्यार्थी घरी जाताना डब्याबरोबर एक प्रश्न नेतो. मला त्या थट्टेचा अभिमान होता. हातात दिलेलं उत्तर पोरं दाराबाहेर टाकतात, स्वतः शोधलेलं जन्मभर टिकतं, असं मी नव्या निदेशकांनाही सांगत असे. त्या रात्री मला शांत झोप लागली.

शनिवारी साडेअकराच्या सुमारास मी गॅलरीत पेपर वाचत होतो. संपत जिन्यातून खाली आला. तो वायरमन, माझाच जुना विद्यार्थी. मला बघून त्याची चाल मंदावली.

"काय रे, वर कुणाकडे?"

"हळिंगळेंच्यात, सर." त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "अण्णांनी बोलावलेलं. म्हणाले, काल सारखी लाइट गेली, माझं प्रवचन बुडालं."

"मग काय केलंस?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "डायरेक्ट केलं."

"ईएलसीबी काढलास?"

"सोमवारपर्यंत, सर! कोल्हापूरचा माणूस येऊन गेला की परत लावतो. वहिनी बस्तीत दर्शनाला गेल्या होत्या, म्हाताऱ्यानं माझं डोकं खाल्लं. आणि मी असंच नाही केलं. तो काढल्या काढल्या अर्थिंग बघितलं. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थला बल्ब लावला, लख्ख पेटला. गळती झाली तरी सगळी जमिनीत जाणार. पत्र्याला हात लावला तरी काय होत नाही. तुम्हीच शिकवलंय."

मी शिकवलं होतं हे खरं. दोन राखणदार असतात, एक झोपला तरी दुसरा जागा असतो, हे वाक्यही माझंच.

"हे बरोबर नाही, संपत."

"माहीत आहे, सर."

"संध्याकाळपर्यंत परत लाव. अण्णांशी मी बोलतो."

"लावतो," म्हणाला, आणि गाडीला किक मारून गेला. मी पेपर परत उघडला. अर्थिंग चांगलं आहे म्हटल्यावर जेवून वर जावं, एवढी सवड आहे असं मी धरून चाललो.

सव्वाबाराला केतकी शाळेतून आली. वर न जाता दप्तरासकट सरळ माझ्या गॅलरीत आली. तिचा चेहरा फुललेला होता.

"सर, उत्तर मिळालं! गणिताच्या तासाला मिळालं. सांगू?"

"सांग."

"वीज कुठेच जाणार नाही. पत्र्यातच बसून राहील. वाट बघत."

"कशाची?"

"कुणीतरी हात लावायची. मग त्याच्या अंगातून जमिनी…"

ती थांबली. सांगता सांगता तिचा आवाज जसा बारीक होत गेला, तो मला अजून ऐकू येतो. तोंड उघडंच राहिलं.

"केतकी?"

"सर, मी सकाळी काढली."

"काय काढलीस?"

"हिरवी वायर. प्लग उघडून. शाळेत जायच्या आधी." ती भराभर बोलू लागली. "परत स्क्रू लावलेत, नीट. पण सर, तो ईएलसीबी आहे ना? आईने हात लावला तर तिच्या अंगातून वीज जाईल, हिशेबात कमी पडेल, मग तो लगेच पडेलच ना? सर?"

तिचं बरोबर होतं. एका रात्रीत पोरीने तेवढंही शोधलं होतं. तो राखणदार एकटा असता तरी पुरला असता. पण संपतने त्यालाच बोर्डातून काढलं होतं.

तेवढ्यात मला व्हॅनिलाचा वास आला.

वरून येत होता, जिन्यातून. गरम, गोड, केक फुगायला लागल्यावर येतो तसा.

"आई केक करतीये," केतकी म्हणाली आणि जिन्याकडे धावली.

"थांब!"

ती तिसऱ्या पायरीवर होती. मी तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. तिच्यावरच काय, मी कुठल्याच पोरावर कधी आवाज चढवला नव्हता.

"इथंच उभी राहा. एक पाऊल वर टाकायचं नाही. आईला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी नाही. कळलं?"

"पण का?"

"का ते विचारायचं नाही!"

तिचे डोळे भरले, पण ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी जिन्याखाली मीटरच्या कोनाड्यात शिरलो. वर जाऊन दार वाजवण्यात, अण्णांना ते ऐकू येण्यात, त्यांनी उठून कडी काढण्यात दोन मिनिटं गेली असती. इथून वीज तोडायला एक हात पुरणार होता.

चार मीटर, चार लोखंडी मेनस्विच. वरची रंगाने लिहिलेली नावं कधीच पुसली होती. कुठला हळिंगळेंचा, ते विचारत बसण्यात अर्थ नव्हता. पहिला दांडा खाली ओढला. आमच्या घरातला रेडिओ बंद पडला. दुसरा ओढला. वर काहीच आवाज नाही. तिसरा हलेना. इमारत रंगवताना त्याच्यावरही रंग फासला होता, बिजागरीत वाळून घट्ट बसलेला. मी दोन्ही हातांनी लोंबकळलो. तो तसाच सोडून चौथा ओढला, तो लगेच आला. वर टीव्हीवरचं प्रवचन चालूच होतं.

म्हणजे तिसराच.

"सर, आईचा आवाज येत नाहीये," केतकी म्हणाली. ती जागची हलली नव्हती. "आई केक करताना गुणगुणते. आत्ता येत नाहीये."

मी पाय भिंतीला रोवला आणि सगळं अंग दांड्यावर टाकलं. रंगाचे टवके तोंडावर उडाले. दांडा करकरत खाली आला.

वर प्रवचन थांबलं. त्याच क्षणी काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज झाला आणि स्टीलचं भांडं गडगडत गेलं.

"आता चल," मी म्हणालो.

अण्णांनी दार उघडलं. "बघा, परत गेली! तो संपत्या म्हणे, आता जाणार नाही…" त्यांना बाजूला सारून मी स्वयंपाकघरात गेलो.

विजयाताई फरशीवर होत्या. मोरीच्या कट्ट्याला पाठ, पाय पसरलेले, उजव्या मुठीत ओलं फडकं. नळ वाहत होता. डोळे उघडे होते, पण ते कशाकडेच बघत नव्हते.

"विजयाताई!"

मी त्यांच्या नाकापाशी हात धरला. श्वास होता, तुटक, वरचेवर. केतकी दारातच उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मी सांगितलं होतं म्हणून.

"ये," मी म्हणालो. "आता हात लाव. आता चालेल."

तिने आईचा चेहरा हातात धरला. विजयाताईंचे ओठ हलले.

"धरलं होतं गं मला," त्या म्हणाल्या. "केक उतू आला, म्हणून ओव्हन पुसत होते… दुसरा हात नळावर. हात सुटेचना. ओरडताही येईना. मग एकदम कुणीतरी सोडलं."

त्यांच्या उजव्या तळव्यावर पांढरा डाग उठला होता, कडेने काळसर. मी अण्णांना रिक्षा बोलवायला सांगितलं.

दवाखान्यात त्यांना आत नेलं, छातीला तारा लावल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतायत, सहा तास बघू, मगच काय ते सांगतो. केतकीच्या बाबांना पुण्याला फोन गेला. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. अण्णा येरझाऱ्या घालत होते.

कुणीतरी कळवलं असावं, संपत धावत आला. पायात चप्पलही नव्हती.

"ये!" अण्णा त्याच्या अंगावरच गेले. "माझ्या सुनेला मारायला निघालास? वायरमन म्हणे! तुला पोलिसात देतो बघ."

"अण्णा, मी अर्थिंग बघून…"

"गप! अर्थिंग म्हणे!"

संपतने माझ्याकडे बघितलं. त्याला काहीच उलगडत नव्हतं. "सर, बल्ब पेटला होता. शपथ सांगतो. लख्ख पेटला होता."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तुझं चुकलं, पण सगळं तुझं नाही. बस तू."

तो भिंतीशी खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. अण्णा बोलतच राहिले. माझ्या शेजारी केतकी एकेक शब्द ऐकत होती. तिने बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती.

तिने अगदी हळू विचारलं, "सर, काल तुम्हाला उत्तर माहीत होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"मग सांगितलं का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर मी एकतीस वर्षं इतरांना देत आलो होतो. भाषणांत दिलं होतं. ते त्या बाकावर बसून त्या पोरीला मला देता येईना. त्या उत्तराच्या तळाशी जे उरलं होतं, तेवढंच सांगता आलं.

"मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू सांगतेस तेव्हा मला फार बरं वाटतं."

मला वाटलं, ती रडेल किंवा उठून जाईल. ती समोरच्या बंद दाराकडे बघत होती.

"मी पण तेच केलं," ती म्हणाली. "सकाळी आई देवघरात होती. मी सांगणार होते, आई, मी ओव्हन दुरुस्त केलाय. मग म्हटलं, नको. तिने स्वतः लावून बघू दे. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं, अगंबाई, चालू झाला की!"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला. बोललो असतो, तर तिचं ओझं हलकं करण्याच्या नावाखाली माझंच केलं असतं.

सातला डॉक्टर बाहेर आले. ठोके सरळ झाले होते. रात्रभर ठेवून घेऊ, पण आता काळजी नाही, म्हणाले. हाताची जखम भरायला महिना जाईल. "दोघांनी आत जा. जास्त बोलू नका."

अण्णा भिंतीला टेकले. मग संपतकडे बोट रोखून म्हणाले, "सून वाचली म्हणून तू वाचलास. पण मी सोडणार नाही. सोमवारी…"

"अण्णा," केतकी उठून उभी राहिली. "आधी मी आत जाते. मला आईला काहीतरी सांगायचंय."

"नंतर सांग की. तिला आता विश्रांती घेऊ दे."

"नंतर नाही. आत्ताच."

तिने दार ढकललं. मी तिच्या मागे गेलो, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. विजयाताईंनी उशीवरून मान वळवली, केतकीला बघून हसायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "मगदुमांना कळवलं का गं?"

"आई, हिरवी वायर मी काढली होती," केतकी म्हणाली. पलंगापाशी पोचायच्याही आधी, दारातूनच. "प्लगमधली. म्हणून ओव्हनमध्ये वीज राहिली. संपतमामांनी फक्त अर्धं केलं. अर्धं मी केलं."

विजयाताईंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. काही क्षण त्यांना अर्थ लागला नाही. मग लागला. त्यांनी पट्टी बांधलेला हात उचलायचा प्रयत्न केला, तो उचलवेना, म्हणून डावा पुढे केला. केतकी मात्र जागची हलली नाही. ती मागे वळून माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. वर्गात एकाचं सांगून झालं की पुढच्याकडे बघतात, तशी ती बघत होती.

मी पलंगाजवळ गेलो आणि स्टूल ओढून बसलो.

"विजयाताई," मी म्हणालो, "काल संध्याकाळी तुमच्या जिन्यात हिने मला एक प्रश्न विचारला होता."